पत्र्याची पेटी आणि जनरल रजिस्टर

मुलांना इतिहास वस्तूंमधून दाखवायचा असं ठरवलं, त्याच्या पहिल्या वर्षी मी शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं. दोन दिवस गर्दी झाली, सरपंचांनी फीत कापली, फोटो निघाले. त्यानंतरच्या घटक चाचणीत मी एक साधा प्रश्न घातला, ‘प्रदर्शनातल्या कोणत्याही एका वस्तूवरून त्या काळाबद्दल काय समजलं ते लिहा.’ बहुतेकांनी लिहिलं, ‘पूर्वी जातं होतं.’ एकाने लिहिलं, ‘पूर्वी कंदील होता, आता लाइट आहे.’ सातवीचे ते पेपर घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. टेबलावर मांडलेलं जातं यातल्या निम्म्या मुलांच्या घराच्या ओट्याखाली पडलेलंच होतं. ते शाळेत आणून, त्याच्यापुढे ‘जातं’ अशी चिठ्ठी ठेवून मी त्यांना नवं काय दिलं?

मी अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पदवीधर शिक्षिका आहे. सहावी ते आठवीची सामाजिक शास्त्रं माझ्याकडे. भाग पर्जन्यछायेचा. दिवाळी झाली की गावातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि वर्गात बाक रिकामे होतात. या तीनही इयत्तांच्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘इतिहासाची साधने’ हा पाठ आहे. भौतिक, लिखित, मौखिक, हे तीन शब्द मुलं झोपेतसुद्धा म्हणतील. पण त्यातलं एकही साधन त्यांनी साधन म्हणून हातात घेतलेलं नव्हतं.

त्या प्रदर्शनात आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गावातले एक आजोबा घडी घातलेला मोडी कागद घेऊन आले होते. पणजोबांच्या वेळचा, तेलकट फडक्यात जपून ठेवलेला. हाताळताना त्याचा एक कोपरा घडीवर फाटला. मी घाईने मागून सेलोटेप लावली. मदत केली असंच मला वाटत होतं. पुढच्या उन्हाळ्यात मोडीच्या प्रशिक्षण वर्गाला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी ऐकलं की जुन्या कागदाला सेलोटेप कधीही लावायची नाही. डिंक कागदात उतरतो, तो पिवळा पडतो, आणि टेप सुटली की शाई घेऊन सुटते. आजोबा मला काही बोलले नव्हते. प्रदर्शन संपल्यावर कागद उचलून, टेपकडे एकदा बघून, निघून गेले होते. ते बघणं माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या जूनमध्ये, मी पद्धतच बदलली. बाजारातून एक पत्र्याची पेटी आणली, आत डांबरगोळ्या टाकल्या, आणि एक शंभर पानी वही घातली. वस्तू आली की आधी वहीत नोंद : काय आहे, कोणाकडून आली, त्यांच्याकडे कशी आली, कधी परत द्यायची. देणाऱ्याला तारीख घातलेली पोच. कागदपत्रं मूळ घ्यायचीच नाहीत, त्यांच्या घरी बसून त्यांच्यासमोर फोटो काढायचा. जमिनीत सापडलेली वस्तूसुद्धा घ्यायची नाही. हा नियम मुलांना फार टोचला, कारण गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर नांगरताना खापरं वर येतात आणि ती आणायला सगळे उत्सुक होते. मग त्यांना सांगितलं, की १८७८ सालापासून कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि खापर उचललं की ते नेमकं कुठे, कशाशेजारी पडलं होतं ही माहिती जाते, तीच सगळ्यात मोलाची. याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना झुडपाचं मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला होता. ती गोष्ट ऐकल्यावर मुलांनी टेकाडावर हात लावायचा नाही हे कबूल केलं, पण दर रविवारी जाऊन बघायचं मात्र सोडलं नाही.

पेटीत सगळ्यात आधी आली ती नाणी. घराघरांतल्या देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाने माखलेली, पूजेतली. मुलांना मी सांगितलं, आईला विचारूनच आणायची आणि संध्याकाळी परत न्यायची. चौघांत एक नाणं, एक भिंग, एक कोरा कागद. पहिली दहा मिनिटं मी काही सांगणार नाही, दिसेल ते लिहायचं. हे ‘काही न सांगणं’ मला फार जड गेलं. वीस वर्षं मी वर्गात सांगत आले आहे.

एका गटाकडे मध्ये भोक असलेला तांब्याच्या रंगाचा पैसा होता, १९४३ चा. त्यांनी लिहिलं : मुकुट आहे, राजाचं तोंड नाही. मग वाद सुरू झाला, भोक कशाला? एक म्हणाला दोऱ्यात ओवायला. दुसरी म्हणाली, कुणीतरी गळ्यात घालायला पाडलं असेल. तिसऱ्याने भिंगातून कड बघितली आणि म्हणाला, ‘मॅडम, हे खिळ्यानं पाडलेलं नाही, कड गुळगुळीत आहे. कारखान्यातच पाडलंय.’ मग मी एवढंच विचारलं, १९४३ साली जगात काय चाललं होतं? आठवीच्या एका मुलीने महायुद्ध म्हटलं. धातू वाचवायला सरकारने नाण्याच्या पोटातून तांबं काढून घेतलं, हे त्यांनी जवळजवळ स्वतःच गाठलं. महायुद्धाचा धडा मी दरवर्षी नकाशावर बाण काढून शिकवते. त्या दिवशी महायुद्ध देव्हाऱ्यातून निघालं.

दुसऱ्या गटाकडे १९५७ चा नया पैसा होता. त्यावर लिहिलेलं, ‘रुपये का सौवाँ भाग.’ नाण्यावर एवढं समजावून का लिहिलं? कारण १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे शंभर भाग नव्हतेच. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पया. फळ्यावर गणित मांडलं, एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, ‘मॅडम, आमचे बाबा आणेवारी म्हणतात, ती हीच का?’

हीच. पीक सोळा आणे आलं म्हणजे पुरतं आलं. आता सरकारी कागदावर पैसेवारी असते आणि ती पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळाची चर्चा सुरू होते, पण माणसांच्या तोंडी अजून आणेवारीच आहे. बंद झालेलं नाणं भाषेत चालू राहिलेलं मुलांनी त्या दिवशी पाहिलं. चाराणे, आठाणे, सोळा आणे खरं, असे शब्द ती दोन दिवस घरून गोळा करून आणत होती. ती यादीसुद्धा पेटीत आहे. आणि त्या आणेवारीमुळेच आमच्या वर्षाचा रोख दुष्काळाकडे वळला.

पण त्याआधी दोरी आणि बारव.

दोरी म्हणजे काळरेषा. छापील तक्त्यावर हडप्पा आणि शिवाजी महाराज यांच्यात जेवढं अंतर असतं, जवळजवळ तेवढंच महाराज आणि गांधीजी यांच्यात असतं, कारण तक्ता कागदावर मावायचा असतो. आम्ही एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर धरलं आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खांबाला ‘आज’ अशी गाठ मारली. स्वातंत्र्य ७७ सेंटिमीटरवर, मुलांच्या हातभर अंतरावर. राज्याभिषेक साडेतीन मीटरवर, तिसऱ्या खिडकीशी. आणि दायमाबादची ती काशाची जनावरं, साधारण चार हजार वर्षांपूर्वीची, चाळीस मीटरवर. दोरी व्हरांड्यातून पायऱ्या उतरून, फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या कडेच्या लिंबाला बांधावी लागली. सहावीचा एक मुलगा लिंबापासून खांबापर्यंत दोरीच्या कडेने चालत आला आणि म्हणाला, ‘मधी कोणीच नाही राहत काय?’ चाळीस मीटरमधल्या कितीतरी जागेवर आमच्या चिठ्ठ्याच नव्हत्या. त्या मोकळ्या दोरीचं मी एरवी कधी शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून सातवाहन, राष्ट्रकूट, यादव यांच्या चिठ्ठ्या मुलं स्वतःहून शोधून लावू लागली.

बारवेची गोष्ट मला जास्त वेळ घेऊन सांगायची आहे.

गावाच्या उत्तरेला एक बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे. गावात लहानथोर सगळे सांगतात, ती अहिल्यादेवींनी बांधली. चौंडी आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे हे सांगताना माणसांचा ऊर भरून येतो, माझाही येतो. तिसऱ्या पायरीच्या बाजूच्या दगडावर अक्षरं आहेत, पण ती झिजलेली. पूर्वी कुणीतरी वाचण्यासाठी त्यात खडू भरला होता, त्याच्याही आधी कुणी तेल ओतलं होतं. आम्ही ठरवलं, दगडाला काही लावायचं नाही. हिवाळ्यात संध्याकाळी, अंधार पडता पडता, पालकांना सांगून आठवीची बारा मुलं घेऊन गेले. एकाने बॅटरी दगडाला अगदी चिकटवून आडवी धरली. समोरून उजेड टाकला तर दगड सपाट दिसतो, कडेने टाकला की प्रत्येक खोदलेल्या रेघेत सावली साचते आणि अक्षर वर उठून येतं. ‘आलं, आलं, शके आलं!’ अशी आरोळी झाली. श, क, मग १, ६, ५, आणि चौथा आकडा दगडासकट गेलेला. पुढे ‘साधारण नाम’ एवढं वाचता आलं, त्यापुढे काही नाही.

दुसऱ्या दिवशी पंचांग वर्गात आलं. ‘साधारण’ हे संवत्सराचं, म्हणजे पंचांगातल्या वर्षाचं नाव. अशी नावं साठ, आणि साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येतं. तेव्हा चालू होतं शके १९४६, नाव क्रोधी. मुलांनी बोटं मोजत पुढचा साधारण संवत्सर काढला, शके १९५२. मग त्यातून साठ-साठ वजा करत मागे निघाली. १८९२, १८३२, १७७२, १७१२, १६५२. सोळाशे पन्नाशीत बसणारं एकच वर्ष. गेलेला आकडा दोन होता! त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले, इसवी सन १७३०. त्या वर्गात गणिताला घाबरणाऱ्या दोन मुली आहेत, वजाबाक्या त्यांनीच केल्या.

आणि मग शांतता पसरली, कारण एकीने दोरीकडे बघून विचारलं, ‘मॅडम, अहिल्यादेवींचा जन्म १७२५ चा ना?’

बारव बांधली तेव्हा अहिल्यादेवी पाच वर्षांच्या होत्या. मुलांचे चेहरे पडले. मलाही क्षणभर वाटलं, हे इथेच थांबवावं, गावात बोलू नये. पण ज्या मुलांनी थंडीत बॅटरी धरून आकडे वाचले, त्यांना मी काय सांगणार होते? आम्ही बारवेशेजारी राहणाऱ्या एका वडीलधाऱ्या काकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘मग बांधली नसंल. दुरुस्त केली असंल त्यांनी. कायतरी केल्याबिगर लोकं दोनशे वर्षं नाव घेतील का?’ ही शक्यता आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. अहिल्यादेवींनी नवं जसं बांधलं, तसा ठिकठिकाणी जीर्णोद्धारही केला, हे तर सगळ्यांना माहीत आहे. वरच्या दोन थरांचा दगड खालच्यापेक्षा वेगळा आहे, हे मग मुलांनीच जाऊन पाहिलं. पेटीतल्या बारवेच्या कार्डावर आता दोन रकाने आहेत, ‘दगड काय सांगतो’ आणि ‘गाव काय सांगतं’. दोन्ही भरलेले आहेत आणि खाली प्रश्नचिन्ह आहे. आमच्याजवळ आज जेवढा पुरावा आहे, त्यात ते प्रश्नचिन्ह पुसता येत नाही, आणि आठवीच्या मुलांना ते चालतं. मोठ्यांनाच ते कमी चालतं, असा माझा अनुभव आहे.

त्या मोडी कागदाच्या आजोबांकडे जायला मला जानेवारी उजाडला. गेले, सेलोटेपबद्दल माफी मागितली, आणि आता तरी ती ओढून काढू नका एवढं सांगितलं. चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच फडकं सोडलं. मुलांनी खिडकीच्या उजेडात फोटो काढले. कागदाला हात फक्त आजोबांचा. मला सगळं वाचता आलं नाही, मोडीत मी अजून अडखळते, पण स्टँपवरचा व्हिक्टोरिया राणीचा छाप आणि ‘सन १२९०’ स्वच्छ होतं. दख्खनेतला फसली सन, म्हणजे महसुलाचं वर्ष, त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १८८० च्या आसपासचं गहाणखत. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून जी खतं काढून जाळली, त्याच जातीचा हा कागद. फक्त हा मागून लिहिलेला, म्हणून वाचलेला. जमीन सुटली का, असं एका मुलीने विचारलं. आजोबा म्हणाले, ‘सुटली म्हणून तर कागद आपल्या घरात हाये.’ फेडलेलं खत सावकार परत करतो, हे मला सुचलं नव्हतं.

आता दुष्काळ. बाहत्तरचा.

सातवीच्या मुलांना मी घरातल्या किंवा शेजारच्या साठीपुढच्या माणसांशी बोलून यायला सांगितलं. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या वहीत एकच उत्तर होतं. प्रश्न, ‘दुष्काळ कसा होता?’ उत्तर, ‘लई वाईट होता.’ चूक मुलांची नव्हती, प्रश्न मी तसाच दिला होता. एक पूर्ण तास आम्ही फक्त प्रश्न बदलण्यात घालवला. सकाळी उठल्यावर पहिलं काम काय होतं? पाणी कोण आणायचं आणि कुठून? कामावर जाताना फडक्यात काय बांधून न्यायचात? मजुरी कोणत्या वारी, कोण वाटायचं? लहान लेकरं कुठं ठेवायचात?

दुसऱ्या फेरीच्या वह्या मी घरी नेऊन रात्री वाचल्या. मिलोची लाल भाकरी, जी थापताना तुटायची. अमेरिकेतून आलेली ती ज्वारी रंगाने लाल आणि चवीला कुणालाच न आवडलेली, पण तिच्यावर माणसं जगली. सुकडी, म्हणजे सरकारी दुष्काळी कामांवर मजुरांना वाटलं जाणारं खाणं, तिचा गोडसर वास एका आजीला पन्नास वर्षांनीही आठवतो, आणि तिला तो आजही सहन होत नाही. खडी फोडताना डोळ्यात उडालेली कपची. आणि बहुतेक सगळ्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मुलांना ठाऊकच नव्हती. गावाच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव, ज्यात मुलं पोहतात, तो त्या वर्षी याच आज्यांनी आणि आजोबांनी पाट्या वाहून बांधला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी, पुढे १९७७ सालचा राज्याचा कायदा आणि २००५ साली झालेला देशाचा कायदा, हे सगळं नागरिकशास्त्रात शिकवताना मी तेव्हापासून तलावाच्या भरावावर वर्ग नेते.

वह्यांत विसंगतीही खूप होत्या. कुणी एकाहत्तर म्हणे, कुणी त्र्याहत्तर. पण बाईमाणसं साल सांगत नाहीत, ती म्हणतात, ‘थोरला पोटात होता तवा.’ थोरल्याची जन्मतारीख त्याच्या दाखल्यावर असते. तिथून मागे मोजायला मुलं शिकली.

एका वहीतल्या दोन ओळींवर मी अडले. एका आजीने सांगितलं होतं की कामावर पाण्याचा रांजण एक होता, पण आमच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, रांजणाला हात लावू द्यायचे नाहीत. लिहिणारी मुलगी तिची नात. हे वर्गात वाचायचं का? त्या आजीला विचारल्याशिवाय नाही, एवढं मला कळत होतं. मी स्वतः गेले. त्या म्हणाल्या, ‘लिव्हा. पर माझं नाव नगं.’ वर्गात मी ते नावाशिवाय वाचलं. कुणी काही बोललं नाही. पण मधल्या सुट्टीत शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ मुलं नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी होती, आणि त्यानंतरचा तास मी संविधानातल्या, अस्पृश्यता बंद करणाऱ्या सतराव्या कलमाचा घेतला, जो वेळापत्रकात फेब्रुवारीत होता.

मग एक दिवस तारखांचा घोळ सोडवता सोडवता मला मुख्याध्यापकांच्या कपाटातलं जनरल रजिस्टर आठवलं. प्रत्येक शाळेत ते असतं, प्रवेश आणि निर्गमाचं. लोक जातीच्या दाखल्यासाठी, जन्मतारखेसाठी त्याचा उतारा मागायला येतात, तेवढाच त्याचा उपयोग. शाळा सुरू झाल्यापासून गावातल्या प्रत्येक मुलाची एक ओळ त्यात आहे : नाव, जात, जन्मतारीख, कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला गेला, आणि शेवटी ‘शाळा सोडण्याचे कारण’. मी कितीतरी वर्षं त्या कपाटाशेजारी बसून इतिहासाचे तक्ते मागवत होते.

मुलांसमोर ते जसंच्या तसं उघडणं बरोबर नव्हतं. नावं जिवंत माणसांची, जातीचा रकाना समोर, आणि एकाच वर्गात सगळ्यांची नातवंडं. मुख्याध्यापक सरांनी परवानगी दिली ती एका अटीवर, रजिस्टर माझ्याच हातात राहील. चार शनिवार बसून मी फक्त चार रकाने कोऱ्या कागदावर उतरवले : प्रवेशाचं साल, मुलगा की मुलगी, सोडताना वय, कारण. ते कागद मुलांना दिले. पहिल्या कितीतरी पानांवर ‘मुलगी’ हा शब्दच नव्हता. पहिली मुलगी ज्या ओळीत आली तिथे वर्गाने टाळ्या वाजवल्या. पुढच्याच रकान्यात तिचं सोडतानाचं वय नऊ आणि कारण ‘घरकाम’ दिसलं, तेव्हा टाळ्या थांबल्या.

१९७२ आणि १९७३ च्या पानांवर कारणाच्या रकान्यात एकाखाली एक तेच होतं. ‘सतत गैरहजर, नाव कमी.’ ‘सतत गैरहजर, नाव कमी.’ काही ठिकाणी नुसत्या वरील-खुणा. एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, एवढी पोरं एकदमच शाळा बुडवायला लागली?’ त्याच्या शेजारच्या मुलीने वही पुढे केली, तिच्या आजीची मुलाखत असलेली. त्यात होतं, ‘मी तिसरीत होते. आई खडी फोडायची, मी बाभळीखाली भावाला झोळीत धरून बसायचे. दिवसभर.’

आम्ही त्या आजीला शाळेत बोलावलं. त्या आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि ऑफिसच्या दारातच चप्पल काढली. या इमारतीत त्या बावन्न वर्षांनी येत होत्या. सरांनी रजिस्टर उघडलं, त्यांच्या ओळीवर पट्टी ठेवली. नातीने वाचून दाखवलं : नाव, वडिलांचं नाव, इयत्ता तिसरी. आजींचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि शेवटच्या रकान्याशी थांबलं.

‘हितं काय लिव्हलंय?’

‘सतत गैरहजर.’

‘गैरहजर कशानं? तळ्यावर व्हते की मी.’

कुणालाच काही बोलता आलं नाही. त्यांच्या आईचं नाव तेव्हा कामाच्या मस्टरवर असणार, पण भावाला सांभाळत बसलेल्या या मुलीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. होतं ते फक्त इथे, गैरहजर म्हणून. नात म्हणाली, ‘सर, हे बदलता येतं का?’ सरांनी तिला नीट समजावलं, की रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही, पन्नास वर्षांपूर्वीच्या गुरुजींनी जे लिहिलं ते तसंच राहतं. गुरुजींनी खोटं लिहिलं नव्हतं. हजेरीला नाव घेतलं तेव्हा ही मुलगी वर्गात नव्हती, एवढं त्यांना दिसलं, तेवढं त्यांनी लिहिलं.

आजींनी मग विचारलं, माझा कागद मला मिळेल का? सरांनी तिथेच प्रवेश-निर्गम उतारा लिहिला, कारणाच्या रकान्यात जे होतं तेच उतरवलं, सही केली, शिक्का मारला. नातीने आपल्या वहीतलं मुलाखतीचं पान स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून आणलं, खाली तारीख घातली, ‘सांगणार’ आणि ‘लिहिणार’ अशी दोन नावं घातली. आजींनी अंगठा नको म्हटलं, आणि सही केली. तिसरीपर्यंत शिकलेली अक्षरं होती, एकेक वेगळं काढलेलं. दोन्ही कागदांच्या झेरॉक्स एकाच पिशवीत घालून पेटीत ठेवल्या आहेत, आणि मूळ दोन्ही आजी पदरात गुंडाळून घरी घेऊन गेल्या.